हरवलेल्या स्क्रूचं कुळ

व्हर्निअर कॅलिपरच्या सरकत्या जबड्याच्या माथ्यावर दोन बारीक भोकं असतात. त्यांत दोन ग्रब स्क्रू बसलेले असतात. त्यांना डोकं नसतं, नुसती खाच असते. आत एक पातळ पितळी पट्टी असते. हे स्क्रू तिला दाबतात आणि ती मुख्य पट्टीच्या कडेला चिकटून राहते. जबडा सरकला पाहिजे, डुलता कामा नये, एवढ्यासाठी ही सगळी योजना. यातला एक स्क्रू निघून पडला तरी व्हर्निअर चालतच राहतं. शून्य शून्यावर येतं, आकडेही नीट वाचता येतात. जबडा तेवढा किंचित कलतो. मोजायची वस्तू पट्टीपासून 40 मिलिमीटर खाली धरली असेल आणि जबडा हजारात एक इतकाच कलला असेल, तर माप 0.04 मिलिमीटरने चुकतं. बेअरिंग बसवायच्या शाफ्टवर एवढी चूक झाली की तो शाफ्ट भंगारात जातो, आणि शिव्या टर्नरला बसतात.

येनाच्या अर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये याचं मूळ सांगून ठेवलं होतं: मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत असावी. मायक्रोमीटर हा नियम पाळतो. व्हर्निअर तो जन्मतःच मोडतं, कारण पट्टी वर आणि वस्तू खाली. म्हणून व्हर्निअरची अब्रू त्या दोन स्क्रूंच्या हाती असते.

तर हा हरवलेला स्क्रू आणायचा कुठून? दुकानात जाऊन ‘असाच एक द्या’ म्हणायची सोय नाही, कारण ‘असा’ म्हणून दाखवायचा तोच तर हरवलाय. मागे राहिलंय ते भोक. मात्र त्या भोकात आटे आहेत, आणि ते कोणत्या घराण्याचे हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. मोहरीएवढ्या स्क्रूलाही घराणी आहेत. ती एकमेकांशी फटकून वागतात, आणि त्यामागे काही शतकांचा इतिहास आहे.

गंमत अशी, की सूक्ष्म मापनाची सुरुवातच स्क्रूपासून झाली. इंग्लंडात लीड्सजवळ राहणाऱ्या विल्यम गॅस्कॉइन या हौशी खगोलवेत्त्याने 1640 च्या आसपास दुर्बिणीच्या नेत्रिकेत स्क्रूवर सरकणारे दोन काटे बसवले. स्क्रूचे किती फेरे झाले यावरून तो ताऱ्यांमधलं अंतर काढू लागला. 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो तरुणपणीच मारला गेला. त्याचं यंत्र रिचर्ड टाउनली यांच्या हाती आलं, आणि 1667 मध्ये रॉबर्ट हूक यांनी त्याचं सचित्र वर्णन छापलं. पुढे जेम्स वॅट यांनी टेबलावर ठेवायचा मायक्रोमीटर केला. 1848 मध्ये जाँ लोराँ पामर या फ्रेंच माणसाने हातात मावणाऱ्या मायक्रोमीटरचं पेटंट घेतलं. आजच्या मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे जातो. फिरत्या नळीवर 50 रेघा असतात, म्हणून एक रेघ म्हणजे 0.01 मिलिमीटर.

मोजणाऱ्या स्क्रूचे असे लाड झाले. त्याच यंत्राचे तुकडे एकत्र धरणाऱ्या बारक्या स्क्रूंकडे मात्र फार काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. ते घड्याळजींच्या घरचे.

सोळाव्या शतकापासून युरोपातल्या घड्याळांत स्क्रू दिसू लागतात. तोवर खिळी आणि पाचरी यांवर भागत असे. स्क्रू करायचं साधन म्हणजे पोलादाची एक कडक पट्टी. तिच्यात मोठ्यापासून बारक्यापर्यंत ओळीने आटे पाडलेली भोकं. मऊ तार भोकात घालून पिळत न्यायची. आटे त्यात कापले जाण्यापेक्षा दाबले जाण्याचाच भाग जास्त. ही पट्टी एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जायची. नवी पट्टी करायची तर जुन्याच टॅपने, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या हत्याराने करायची. त्यामुळे एका कारखान्यातले आटे त्या कारखान्याच्या वंशात चालत राहायचे आणि शेजारच्या गल्लीतल्या घड्याळजीशी त्यांचा मेळ बसायचा नाही. त्याचं कुणाला काही वाटतही नसे. स्क्रू करणारा, भोक पाडणारा आणि दुरुस्ती करणारा एकच होता. कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा हे कळावं म्हणून दोघांवर ठिपक्यांच्या खुणा ठोकलेल्या असत.

मोठ्या यंत्रांतही वेगळं काही नव्हतं. हेन्री मॉड्सले यांच्या लंडनच्या कारखान्यात काम केलेल्या जेम्स नॅस्मिथ यांनी लिहून ठेवलं आहे, की त्याआधी प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट ही स्वतंत्र जोडी असे, त्यांची अदलाबदल व्हायची नाही. मॉड्सले यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी आटे पाडणारं लेथ सुधारलं. कारखान्यातल्या मापांचा वाद मिटवायला त्यांनी टेबलावरचा एक मायक्रोमीटर ठेवला होता. त्याला ते ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण त्याच्या निकालावर अपील नाही.

त्याच कारखान्यात घडलेला दुसरा माणूस म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. त्यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतून स्क्रूंचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 1841 मध्ये सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एकसारख्या आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन 55 अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचात ठरावीक आटे. मला यातलं शहाणपण असं वाटतं, की स्वतःच्या डोक्यातून काही काढायचा हट्ट त्यांनी धरला नाही. लोक जे करत होते त्याच्या मधोमध ते जाऊन उभे राहिले, त्यामुळे कुणालाच फार सरकावं लागलं नाही. पण त्यांच्या यादीतला सर्वांत लहान स्क्रू पाव इंचाचा होता. त्याखालचं जग त्यांनी तेव्हा सोडून दिलं. रेल्वे इंजिन आणि जहाजं बांधणाऱ्यांना त्याची गरजही नव्हती.

याच व्हिटवर्थांनी 1850 च्या दशकात इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं मापनयंत्र केलं. इंचात 20 आट्यांचा स्क्रू, त्यावर 200 दातांचं चाक, आणि ते फिरवणाऱ्या चाकावर 250 भाग. तिन्हींचा गुणाकार बरोबर दहा लाख. इतक्या खोल उतरलेल्या माणसाने 1841 मध्ये पाव इंचाखालचे स्क्रू वाऱ्यावर सोडले होते.

युरोपात हा गोंधळ निदान आटोक्यातला होता. कारागीर दोन गल्ल्यांपलीकडे सापडायचा. यंत्र समुद्र ओलांडून गेलं की खरी पंचाईत. विल्यम लॅम्ब्टन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी लंडनच्या केरी या यंत्रकाराकडून थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र आणवलं होतं. त्याचं वजन अर्धा टन. 1808 मध्ये, सरफोजीराजांच्या तंजावरात, मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि कोन मोजायची वर्तुळाकार चकती वाकडी झाली. लंडनला पाठवून परत आणायचं तर वर्षं जाणार. लॅम्ब्टन तंबूत जाऊन बसले आणि कारागिरांना हाताशी धरून पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या मदतीने सहा आठवड्यांत ती चकती त्यांनी पुन्हा गोल केली. (हेच लॅम्ब्टन 1823 मध्ये मोजणी करत करत विदर्भात पोचले आणि हिंगणघाटला वारले.) ईस्ट इंडिया कंपनीने 1830 मध्ये हेन्री बॅरो हा यंत्रकार कलकत्त्याला आणला. तो गेल्यावर त्याचं काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी सांभाळलं. या मंडळींना सुटे भाग कुठे मिळत होते? कुठेच नाही. हरवलेला स्क्रू म्हणजे नव्याने घडवायचा स्क्रू, एवढाच हिशोब होता.

बारक्या स्क्रूंना पहिला पंचांगकर्ता भेटला तो जिनिव्हात. प्राध्यापक मार्क थुरी. 1862 मध्ये ऑग्युस्त द ला रीव्ह यांच्यासोबत त्यांनी भौतिकशास्त्राची उपकरणं बनवणारी संस्था काढली. तीच पुढे अतिसूक्ष्म मापनयंत्रांसाठी जगभर नाव मिळवून बसली. थुरींनी स्विस घड्याळजींचे चालू वापरातले स्क्रू जमवले, मोजले, आणि 1878 मध्ये घड्याळांच्या स्क्रूंची पद्धत छापली. व्हिटवर्थांसारखीच सुरुवात, पण प्राध्यापकाचा हात वेगळा. स्क्रू लहान होत जाताना व्यास आणि आट्यांमधलं अंतर कोणत्या नियमाने घटतं, हे त्यांनी शोधलं. शून्य नंबरच्या स्क्रूचं आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, 1 मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबरला आधीच्याच्या नऊ दशांश. व्यास काढायचा तर पिचचा 1.2 वा घात घ्यायचा आणि त्याला सहाने गुणायचं. कोन साडेसत्तेचाळीस अंश.

या पद्धतीत स्क्रूचा नंबर हाच त्याचा हिशोब. दहा नंबर म्हणजे 0.9 चा दहावा घात, पिच 0.35 मिलिमीटर. त्यावरून व्यास 1.7 मिलिमीटर. कारखान्यात कुणी घात काढत बसत नाही हे खरं, आणि साडेसत्तेचाळीस अंशांचा कोन घासून करणाऱ्याने थुरींना काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते. तरी स्क्रूंच्या सगळ्या याद्यांत मला हीच देखणी वाटते.

देखणेपणावर इंग्रज कसे भाळले हे कोडंच आहे, पण भाळले. तारायंत्रं आणि विजेची उपकरणं वाढत चालली होती आणि पाव इंचाखालचा गोंधळ सहन होईना. ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेने समिती नेमली. तिच्यात स्वतः व्हिटवर्थ होते, विल्यम थॉम्सन होते, तारखात्याचे प्रीस होते. 1884 मध्ये थुरींची पद्धत जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली गेली. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून तिलाच बीए आटे म्हणतात. इंचाच्या देशाने आपले सर्वांत नाजूक स्क्रू मिलिमीटरमध्ये ठरवले, तेही मेट्रिक पद्धतीला नाकं मुरडण्याच्या काळात. पुढची ऐंशी वर्षं ब्रिटिश मीटर, टेलिफोन, डायल आणि प्रयोगशाळेतली उपकरणं याच आट्यांवर उभी होती.

जर्मनांनी आपली चूल वेगळी मांडली. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या सूक्ष्मयंत्रं आणि भिंगं बनवणाऱ्यांनी लेओपोल्ड ल्योवेनहेर्ट्स यांच्या नावाचे आटे धरले. कोन 53 अंश 8 मिनिटं. आकडा विचित्र दिसतो, पण कारण सरळ आहे. त्रिकोणाची उंची आणि पाया सारखे घेतले की माथ्याशी तोच कोन येतो. या यादीत 1.7, 2.3 आणि 2.6 मिलिमीटर असे व्यास होते. पुढे कोन 60 अंश झाला, मेट्रिक आटे आले, तरी हे आडनिडे व्यास जर्मन यादीत टिकून राहिले आणि जपानी यादीतही बसले. जुन्या जपानी उपकरणांत म्हणूनच मेट्रिक एम 1.7 किंवा एम 2.6 सापडतो आणि दुरुस्ती करणारा चक्रावतो.

आता इथे एक योग जुळून येतो. दहा नंबरचा बीए: व्यास 1.7, पिच 0.35. ल्योवेनहेर्ट्सचा 1.7: पिच 0.35. जुना मेट्रिक एम 1.7: पिच 0.35. तिघांचा व्यास एक, पिच एक, फरक फक्त कोनात. साडेसत्तेचाळीस, त्रेपन्न आणि साठ अंश. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात बोटाने थोडा जातोही. मग अडतो, किंवा अडत नाही आणि कडेकडेने टेकून बसतो. घट्ट वाटतो, पण धरून ठेवत नाही. काही दिवस थरथर सोसून पुन्हा गळतो. ‘इथला स्क्रू सारखा पडतो’ अशी तक्रार कानावर आली, की माझा पहिला संशय या तीन भावंडांवर जातो.

अमेरिकेची वाट निराळी. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ब्राउन अँड शार्प कंपनीच्या धन्यांनी पामरचा मायक्रोमीटर पाहिला, आणि पुढच्याच वर्षी आपला काढला. अमेरिकेच्या बारक्या स्क्रूंनाही नंबर आहेत, पण इंचातले. शून्य नंबर म्हणजे 0.060 इंच, पुढे प्रत्येक नंबराला 0.013 इंच वाढ. बीएमध्ये नंबर वाढला की स्क्रू लहान होतो, इथे मोठा होतो. अमेरिकेचा शून्य नंबर, इंचात 80 आट्यांचा, मिलिमीटरमध्ये 1.524 व्यासाचा. त्याच्या अंगाला घासून उभा आहे आजचा मेट्रिक एम 1.6. पण पिच एकाची 0.3175, दुसऱ्याची 0.35. तीन फेऱ्यांत जवळजवळ दशांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि आटे चिरडायला तेवढा पुरतो. काट्याने माप दाखवणाऱ्या डायल गेजच्या दांड्याच्या टोकाला जी स्पर्शबिंदूची गुंडी असते, तिचंही असंच. अमेरिकन डायलवर चार नंबरचा 48 आट्यांचा स्क्रू, बाकी जगात एम 2.5. टोक बदलायचं म्हणून कपाटातलं दिसेल ते पिळलं की दांडा वाया.

पुढची कथा लवकर सांगून होते. 1898 मध्ये झुरिकला 60 अंशांचे मेट्रिक आटे ठरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्याला एकमेकांचे नट-बोल्ट बसेनात, तेव्हा 1948 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एक सामाईक आटा मान्य केला. बारीक स्क्रूंची, 0.3 पासून 1.4 मिलिमीटरपर्यंतची, वेगळी यादी त्यानंतर झाली. 1965 मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने व्हिटवर्थ आणि बीए दोघांनाही मावळतीला लावलं.

कागदावर मावळलेली ही घराणी आपल्याकडच्या कपाटांत मात्र नांदत आहेत. मोजमापाचा मेट्रिक कायदा भारतात 1956 चा. त्याआधीची यंत्रं इंग्लंडची, त्यामुळे आटे व्हिटवर्थ आणि बीए. मग स्विस, जर्मन, जपानी आली, आता चिनी. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या जुन्या टूलरूममध्ये एकाच खणात चार देशांची मापनयंत्रं शेजारी पडलेली असतात. भारतात बनलेल्या ‘बेकर मर्सर’ डायलवरचं दुसरं नाव सेंट ऑल्बन्सच्या क्रोनोमीटर बनवणाऱ्या मर्सर घराण्याचं. असं नाव दिसलं की भोकात इंग्रजी रक्त असू शकतं, हे धरूनच हात लावावा.

म्हणून ओळख पटवताना भोकाकडे शेवटी जायचं. पहिल्यांदा नाव, देश आणि वय बघायचं. मग त्याच यंत्रावर हरवलेल्याचा जुळा आहे का ते शोधायचं. दोन ग्रब स्क्रूंपैकी बहुधा एकच पडलेला असतो. जुळा काढून त्याचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने घ्यायचा, आणि वापरलेले आटे थोडे झिजलेले असतात हे लक्षात ठेवायचं. यादीपेक्षा माप किंचित कमीच येणार. पिच एका आट्यावरून काढू नये. भिंगाखाली पाच आटे मोजावेत. 1.75 मिलिमीटर भरले तर 0.35 ची पिच, 1.59 च्या आसपास भरले तर अमेरिकन. राहिला कोन. तो डोळ्याला कळत नाही. प्रोफाइल प्रोजेक्टरवर स्क्रूची सावली वीस किंवा पन्नासपट मोठी करून पडद्यावर टाकली, की साठ आणि साडेसत्तेचाळीस यांत गल्लत होत नाही.

जुळा नसेल तर भोकालाच बोलतं करावं लागतं. आगपेटीची काडी टोकाशी तासून हलक्या हाताने भोकात दाबत फिरवली, तर आट्यांचा ठसा लाकडावर उमटतो. त्याच्यावरून पिचचा अंदाज येतो, कोनाचा येत नाही. मग ओळखीचे स्क्रू एकेक करून बोटाने लावून पाहायचे. पेचकस या टप्प्यावर लांबच ठेवावा, कारण बोटाला जे अडतं ते पेचकसाला अडत नाही. दोन फेऱ्यांनंतर घट्ट झालं तर पिच चुकली. सुरुवातीपासून खुळखुळत असेल तर व्यास. या कामाला जुन्या घड्याळजीचा हात लागतो.

घराणं कळलं तरी स्क्रू मिळेलच असं नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच मेकचं मेलेलं यंत्र. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गंजलेला मायक्रोमीटर मिळाला, तर तो मोजायला नव्हे, स्क्रूंसाठी घ्यावा. बीए स्क्रू अजूनही बनतात. छोटी वाफेची इंजिनं करणाऱ्या इंग्रज हौशी मंडळींनी ते जगवले आहेत. नाहीतर लेथवर पोलादी तार धरायची आणि योग्य डायने आटे पाडायचे. यात लांबी चुकू देऊ नये. डायल गेजच्या मागच्या झाकणाचा स्क्रू अर्धा मिलिमीटर लांब झाला तर आतल्या दातेरी चाकाला टेकू शकतो, आणि मग हरवलेला स्क्रू बरा होता असं वाटतं. स्वस्तातल्या डिजिटल कॅलिपरसाठी मात्र ही यातायात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे स्क्रू शोधायच्या वेळेत नवं कॅलिपर येतं.

एवढा खटाटोप नको असलेल्यांचा एक पक्का उपाय आपल्याकडे सर्रास चालतो: भोक मोठं करून एम 2 चा टॅप मारायचा. काम होतं. 1.7 च्या भोकाभोवती धातू पुरेसा असेल तर यंत्राला काही होतही नाही. पंचाईत होते ती पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची. 1950 चं इंग्रजी यंत्र, सगळे स्क्रू बीए, आणि मधेच एक मेट्रिक. तो बिचारा नावावरून, वयावरून बीए धरून चालतो आणि दुसऱ्या फेऱ्याला आटे चिरडतो. घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खूण आणि तारीख कोरून ठेवत. टॅप मारणाऱ्यानेही झाकणाच्या आत सुईने ‘एम 2’ एवढं कोरलं तर चालेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.